‘प्रेशर’साठी नेमका मराठी शब्द कसा निवडावा

पर्वती जलकेंद्रात दुरुस्तीचे काम निघाले, की गुरुवारी पाणी बंद राहील आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’, असे निवेदन पुणेकरांच्या वाचनात येते. या वाक्यात ‘कमी दबावाने’ असे घालून पाहा. अर्थ कळतो, पण कान लगेच हरकत घेतो. ‘प्रेशर’ या एका शब्दाच्या जागी मराठीत निदान चार शब्द आहेत, आणि त्यांतला योग्य कोणता हे ओळखण्यासाठी आधी पाहावे, की जे दाबले जात आहे ती वस्तू आहे, माणसाची इच्छा आहे, की त्याचे मन. मग सोबतचे क्रियापद तपासावे: दाब मोजता येतो, दबाव कोणीतरी आणतो आणि दडपण येते.

वस्तूच्या बाबतीत ‘दाब’ हाच शब्द वापरावा, कारण शास्त्रात त्याची व्याख्याच एकक क्षेत्रफळावर पडणारे बल अशी आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी असतो आणि पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. कुकरमध्ये मात्र कोंडलेल्या वाफेचा दाब वाढून तापमान १२० अंशांच्या आसपास जाते, म्हणून डाळ लवकर शिजते. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’मधून, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातील कार्यालयातून, येणाऱ्या हवामानाच्या बातमीतही ‘कमी दाबाचे क्षेत्र’ असते. अलीकडे त्याचे ‘कमी दबावाचे क्षेत्र’ होऊ लागले आहे, ती हिंदीची छाया असून ती टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विजेच्या बिलावरील ‘उच्चदाब’ आणि ‘लघुदाब’ यांतला दाब म्हणजे व्होल्टेज, हे अनुवाद करणाऱ्यांनी विसरू नये. गाडीच्या चाकाला तर शब्दच लागत नाही. पंपावर आपण ‘हवा बघा’ एवढेच म्हणतो.

‘दबाव’ वापरताना तो आणणारा कोणीतरी असावा लागतो: दबावगट, दबावतंत्र, दबावाला बळी पडणे. मात्र घरगुती प्रसंगात तो फार जड होतो. मामा लग्नासाठी दबाव आणत नाहीत, ते गळ घालतात; उधारी मागणारा तगादा लावतो, आणि मित्र भरीस पाडतात.

‘दडपण’ या शब्दाची खरी ओळख स्वयंपाकघरात होते. दडपे पोहे करताना पातळ पोह्यांना ओले खोबरे, कांदा आणि नारळाचे पाणी लावून वर ताट झाकतात व त्या ताटावर वजन ठेवतात. ते वजन म्हणजे मूळचे दडपण. कोणी हाताने रेटत नाही, वजन नुसते बसून असते, आणि थोड्या वेळाने ताट उचलले की पोहे खाली बसलेले, मऊ पडलेले दिसतात. परीक्षेचे किंवा नव्या सासरचे दडपण मनावर असेच बसते, म्हणून तेथे ‘दबाव’ लिहिल्यास नसलेला अपराधी उभा राहतो.

ही निवड केवळ लेखनापुरती नाही. माझ्या मावशीने दवाखान्यात ‘प्रेशर वाटते’ असे सांगितले, तेव्हा तिचा रक्तदाब मोजला गेला आणि तो १२०/८० भरल्यामुळे सगळे निर्धास्त झाले. तिला मात्र छाती दडपल्यासारखी होते, असे म्हणायचे होते. ते नेमके कळल्यावरच हृदयाचा आलेख काढला गेला. अशा वेळी शरीराला काय होते ते पूर्ण वाक्यात सांगावे.

कार्यालयातल्या ‘प्रेशर’साठी प्रसंग पाहावा. हिंजवडीत काम करणारी मुलगी घरी आल्यावर ‘फार प्रेशर आहे’ म्हणाली आणि कामेच एकामागून एक येत असतील, तर तो कामाचा रेटा. त्यामुळे झोप उडाली असेल, तर ताण. वरिष्ठांसमोर बोलताना घसा कोरडा पडत असेल, तर दडपण. आणि चुकीच्या कागदावर सही करण्यास तिला कोणी भाग पाडत असेल, तर तो दबावच आहे आणि तसाच लिहिला पाहिजे.