उप, उपरि आणि द्राक्षाचे मणी: मेडिकल कोडिंगचे लांबलचक शब्द मी कसे फोडले

बी.एस्सी. झाल्यावर मी मेडिकल कोडिंगचा क्लास लावला, तेव्हा निफाडकडच्या आमच्या घरी सगळ्यांनी धरून चाललं की पोरगी आता कम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहिणार. मावशीने तर तिच्या जावयाचा बिघडलेला लॅपटॉपही पाठवून दिला. कोडरचं काम वेगळं असतं. अमेरिकेतल्या दवाखान्यातून आलेला पेशंटचा चार्ट वाचायचा, डॉक्टरने काय निदान केलं नि काय उपचार केले ते शोधायचं आणि त्याला ठरलेला कोड लावायचा. निदानाला आयसीडी-१०-सीएमचा, केलेल्या प्रोसिजरला सीपीटीचा. विम्याचे पैसे त्यावर ठरतात. म्हणजे काम सगळं वाचायचं, आणि वाचायचं काय, तर 'कोलेसिस्टेक्टॉमी' आणि 'इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडेनोस्कोपी'.

पहिले दोन आठवडे मी चक्क पाठांतर केलं. एसटीत बसल्यापासून नाशिकच्या निमाणी स्टँडला उतरेपर्यंत तीस शब्द. उतरताना त्यातले दहा डोक्यात, क्लासपर्यंत पोचताना पाच. मॅडमनी माझी वही उघडली, चार पानं उलटली आणि म्हणाल्या, "शाळेत संधी सोडवायला शिकलीस ना? मग हे अख्खं काय गिळतेस?"

तर संधी सोडवा. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणं. झालं पित्ताशयाचं ऑपरेशन. दुसरा शब्द तर आगगाडीच आहे: इसोफॅगो अन्ननलिका, गॅस्ट्रो जठर, ड्युओडेनो लहान आतड्याचा सुरुवातीचा तुकडा आणि स्कोपी म्हणजे बघणं. आपण ज्याला 'घशातून दुर्बीण घातली' म्हणतो, ते. माझी सवय अशी की शब्द शेपटाकडून वाचायचा. काय केलं किंवा काय झालं ते शेपूट सांगतं, कुठे ते आधीचे डबे सांगतात.

शेपटांमधली तीन मात्र एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात: ओटॉमी, ओस्टॉमी, एक्टॉमी. ओटॉमी म्हणजे चीर देणं. ओस्टॉमी म्हणजे तोंड पाडून ते उघडं ठेवणं. एक्टॉमी म्हणजे छाटून बाजूला काढणं. द्राक्षबागेत वाढलेल्या पोरीला हा फरक वेगळा शिकवावा लागला नाही. गर्डलिंगला खोडाची साल कापतात आणि छाटणीला काडीच काढतात. दोन्हींना 'कापलं' म्हणणाऱ्या मजुराला आप्पा बागेत पाय ठेवू देणार नाहीत. चार्टमध्ये श्वासनलिकेची ट्रेकिओटॉमी आहे की ट्रेकिओस्टॉमी, हे असंच डोळे फाडून बघायचं.

आता माझी फजिती. नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात मधुमेहाच्या एका चार्टवर मी ई ११.६५ लावला. हा टाइप टू मधुमेहात साखर वाढल्याचा कोड. चार्टमध्ये लिहिलं होतं हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर उतरलेली. बेशुद्धी नसेल तर त्याला ई ११.६४९. क्यूएने, म्हणजे आमचे कोड तपासणाऱ्याने, ते पकडलं आणि सगळ्या टीमसमोर मोठ्याने वाचलं. हायपर आणि हायपो. मी दोन्ही शब्द शंभरदा पाहिले होते, पण घाईत डोळा 'हायप'पर्यंत वाचतो आणि पुढचं मन भरून टाकतं.

त्या रात्री चिडून व्युत्पत्ती शोधली, तर हायपो म्हणजे आपला 'उप' निघाला आणि हायपर म्हणजे 'उपरि'. आवाजाचा योगायोग नाही. ग्रीक, लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, आणि हे शब्द खरंच एका मुळाचे. उपसरपंच सरपंचाच्या खालचा, तसा हायपो खालचा. सरकारी पत्रातलं 'उपरोक्त' वरचं, तसा हायपर वरचा. तेव्हापासून ही चूक पुन्हा झाली नाही. (दुसऱ्या झाल्या.)

मग मला नादच लागला. ऑस्टिओ म्हणजे अस्थि. डेंटल म्हणजे दंत. गुडघ्याचा जेनू म्हणजे जानु. नकाराचा 'ॲन' म्हणजे आपला 'अन्', म्हणून ॲन्युरिया म्हणजे लघवीच न होणं. 'डिस' म्हणजे 'दुस्', म्हणून डिस्प्निया म्हणजे श्वास घेताना होणारा त्रास. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा धसका घेऊ नये, असं मी म्हणते ते यासाठी. या शब्दांत इंग्रजी फारच थोडं असतं, आणि शाळेत संस्कृत घेतलेल्याला इंग्लिश मीडियमवाल्यापेक्षा एक पायरी वरूनच सुरुवात मिळते.

नाशिककरांना तर आणखी एक. नेझल म्हणजे नाकाचा, आणि हे लॅटिन नाक आपल्या 'नासिके'चं भावंड आहे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, ही गोष्ट आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ग्रीकांचं नाक वेगळं, रायनो. गेंड्याच्या नावात तेच आहे, नाकावर शिंग म्हणून. कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं शास्त्र ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी, इंग्रजीत १९ अक्षरं: ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र. नाक नव्याने घडवणं म्हणजे रायनोप्लास्टी. सुश्रुताने ती वर्णिली आहे. पुण्याकडे कावसजी नावाच्या बैलवाल्याचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने परत बसवलं, ती हकिकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन तिच्या मागे लागले. एवढं वाचल्यावर रायनोप्लास्टी कोण विसरेल?

आणि स्टॅफिलोकॉकस! स्टॅफिली म्हणजे द्राक्षाचा घड, कॉकस म्हणजे दाणा, आमच्या भाषेत मणी. स्कॉटिश सर्जन अलेक्झांडर ऑग्स्टनने पुवातले जंतू सूक्ष्मदर्शकाखाली असे घोसाने लगडलेले पाहिले आणि १८८२ मध्ये हे नाव दिलं. आप्पांना चित्र दाखवलं तर म्हणाले, "थिनिंग राहिलंय, मणी विरळ करा."

सगळी कुळं इतकी सरळ नसतात. 'ओमा' म्हणजे गाठ, लायपोमा चरबीची. पण हेमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त, आणि ग्लॉकोमात तर गाठ मुळीच नसते, तो काचबिंदू. इलिअम दोन आहेत: तिसरं अक्षर ई असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, आय असेल तर कमरेचं हाड. कानाला फरक कळतच नाही, डोळ्यालाच कळतो.

एक गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती आणि तिने माझा महिना खाल्ला. आपली कॉलेजची पुस्तकं ब्रिटिश स्पेलिंगची, कोडबुकं अमेरिकन. अन्ननलिका मी इंडेक्समध्ये 'ओ'खाली शोधत बसायचे. ती तिथे 'ई'खाली असते. सूज, म्हणजे इडिमा, तीही तशीच. रक्ताच्या हीमोमधलं 'ए' गळालेलं. बालरोगाच्या पीडियाट्रिक्समधलं 'ए'ही अमेरिकेने काढलं, त्यामुळे मुलाचं 'पेड' आणि पावलाचं 'पेड' दिसायला अगदी सारखं झालं. न्यूमोनिया 'एन'खाली शोधू नका, पुढे मुका 'पी' उभा आहे. ॲप्नियात मात्र तोच 'पी' बोलायला लागतो.

सीपीसी, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेचं थोडक्यात: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडबुकं सोबत ठेवता येतात, म्हणून कोड पाठ करण्यात आयुष्य घालवू नका. प्रत्येक प्रश्नाला अडीच मिनिटंसुद्धा येत नाहीत. शब्द बघताक्षणी फुटला नाही तर पुस्तक उघडं असून उपयोग शून्य. मी वहीत शब्दांऐवजी तुकडे लिहीत गेले, एका पानाला एक तुकडा. 'युरिया'च्या पानावर पॉलियुरिया, ऑलिगुरिया, हिमॅट्युरिया, डिस्युरिया येत गेले. चार महिन्यांत साधारण दोनशे पानं भरली, आणि पुढचे शब्द बरेचसे आपोआप कळायला लागले.

मुलाखतीला गेलात की कोणीतरी तो ४५ अक्षरी राक्षस काढतंच: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. घाबरू नका. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगच्या अध्यक्षाने, एव्हरेट स्मिथने, तो लांबीसाठीच घडवला होता. मला विचारला तेव्हा मी फोडून दाखवला: फुप्फुस, अतिसूक्ष्म, सिलिका, ज्वालामुखी, धुळीचा विकार. समोरच्या बाईंनी विचारलं, "बरं, मग कोड?"

डॉक्टर याला नुसतं सिलिकोसिस म्हणतात. जे ६२.८.