मोदक फॉन्टमध्ये बोर्ड, लेबल करायचंय? मग हे बघून घ्या

मागच्या गड्ड्याला, म्हणजे आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला, मावशीनं शेंगा चटणीचा स्टॉल लावला आणि बॅनरचं काम आलं माझ्या गळ्यात, तेव्हापासून ओळखीतल्या चार-पाच जणांना मोदकमध्येच करून दिलंय, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकावं.

मोदक म्हणजे तो गुबगुबीत देवनागरी फॉन्ट, मूळ अक्षरं हातानं स्केच केलेली, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो आणि धंद्याला वापरला तरी चालतं. अक्षरं एवढी फुगलेली की आतली पोकळी म्हणजे नुसती बारीक चीर. ती चीर दिसली तर मजा, बुजली की ढेकूळ. त्यामुळं पाकिटावर "शेंगा चटणी" एवढंच मोदकमध्ये टाका, तेही मोठ्ठं, आणि वजन, भाव, घटक, तारीख सगळं मुक्ता या साध्या फॉन्टमध्ये. लेबल खऱ्या साईजला प्रिंट काढून हातभर लांबून बघा, स्क्रीनवर झूम करून बघितलेलं काही खरं नसतं.

अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नका, शिरोरेषा तुटते आणि दातात फटी पडल्यासारखं दिसतं. दोन ओळी असतील तर मधली जागा मात्र सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. बॉर्डर द्यायची तर अक्षराच्या मागून द्या, वरून दिली की चीर खाऊन टाकते.

आता खरी गोची. मी फाईल तशीच पाठवली, फ्लेक्सवाल्याकडं फॉन्टच नव्हता, आणि "श्री सिद्धेश्वर प्रसन्न" मधली पहिली वेलांटी स च्या पुढं जाऊन बसली, जोडाक्षरं सुटी झाली, वर पाय मोडके. मावशी म्हणाली, "हे काय रे, देवाचं नाव तरी धड लिही!" परत छापायचे पैसे माझ्याच खिशातून गेले. म्हणून पाठवायच्या आधी अक्षरांचे आकार करून टाका, म्हणजे समोरच्याकडं फॉन्ट नसला तरी अडत नाही; कोरलड्रॉमध्ये कंट्रोल क्यू, इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ, मग पीडीएफ. टाईप केलेली मूळ फाईल वेगळी जपून ठेवा, आकार केल्यावर भाव बदलता येत नाही ओ.

श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला हा फॉन्ट नको, एकानं मागितला होता, मी सरळ नाही म्हटलं. आईस्क्रीम, बालवाडी, बारसं, वाढदिवस इथं मस्त.

आणि आपल्याकडं गिऱ्हाईक मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन भाषांचं. मोदकमध्ये तेलुगू-कन्नड नाही, मग शहराच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, दुकान असेल तर सरळ बालू फॉन्ट घ्या, तोपण गोलमटोल आणि फुकट. मराठीला बालू 2, तेलुगूला बालू तम्मुडू 2, कन्नडला बालू तम्मा 2, तिन्ही एकाच घरातले, त्यामुळं एका बोर्डावर तिन्ही ओळी सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. फक्त तेलुगू स्पेलिंग शेजारच्या अक्कांकडून तपासून घ्या, मी घेतो.