नवा सीईओ कसा निवडावा: बोर्डावर बसणाऱ्यांसाठी

लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या बोर्डावर (संचालक मंडळावर) तुमची नुकतीच नेमणूक झाली असेल, तर पहिल्या दोन-तीन बैठकांतच एक प्रश्न विचारून बघा: आपले एमडी, म्हणजे कंपनी चालवणारे प्रमुख, उद्यापासून आलेच नाहीत, तर परवा बँकेच्या कागदांवर सही कोणाची? बऱ्याच ठिकाणी आधी हशा पिकतो, मग कुणीतरी ‘असं अभद्र कशाला बोलायचं’ म्हणतं आणि तेवढ्यात चहा येतो. पण शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या लिस्टिंग नियमांत हे स्पष्टच लिहिलंय: संचालक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या जागी पुढे कोण येणार याची योजना तयार आहे, अशी बोर्डानं स्वतःची खात्री करून घ्यायची.

बोर्डानं. मावळत्या साहेबांनी नव्हे. घोळ होतो तो बहुधा इथेच. ज्या माणसानं वीस वर्षं कंपनी वाढवली, त्याला ‘तुमच्यानंतर कोण?’ हे विचारायची भीड वाटते. मग तो सुचवेल ते नाव पुढे सरकतं आणि सगळे माना डोलावतात. पुढचे टप्पे पाळले तर ही भीड आड यायला जागाच उरत नाही.

१. आणीबाणीचं नाव आधी ठरवा

१९ एप्रिल २००४ रोजी मॅकडोनाल्ड्सचे प्रमुख जिम कँटालुपो ऑरलँडोला कंपनीच्या अधिवेशनासाठी गेले होते. तिथेच हृदयविकाराच्या झटक्यानं त्यांचं निधन झालं. काही तासांत बोर्डानं कंपनीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी चार्ली बेल यांची नेमणूक जाहीर केली. पुढच्याच महिन्यात बेल यांना कर्करोगाचं निदान झालं, नोव्हेंबरमध्ये त्यांनी पद सोडलं आणि जिम स्किनर आले. एका वर्षात तीन प्रमुख झाले, पण खुर्ची एकदाही रिकामी राहिली नाही.

त्यासाठी मोठा अहवाल लागत नाही, एक पान पुरतं. तात्पुरता कारभार कोण बघेल, त्याचे अधिकार कुठपर्यंत, बँकेत सह्या कोणाच्या, कर्मचाऱ्यांना आणि मोठ्या ग्राहकांना कोण सांगेल, एवढं लिहा. दरवर्षी एका ठरावीक बैठकीत ते पान पुन्हा वाचा. हे नाव खऱ्या वारसदाराचंच असायला हवं असं नाही. निवृत्तीला आलेले सीएफओ (अर्थविभागाचे प्रमुख) किंवा बोर्डावरचा एखादा मुरलेला माणूसही चालतो, उलट बरा पडतो, कारण त्याला त्या खुर्चीत कायम बसायचं नसतं.

कायद्याची मुदतही डोक्यात ठेवा. कंपनी कायदा रिकामं पद भरायला सहा महिने देतो, पण लिस्टेड कंपन्यांना सेबी साधारण तीनच महिने देते. हंगामी माणूस बसवून वेळ मारून नेऊ म्हणाल तर तेही जमत नाही. हंगामी नेमणुकीलाही नव्या नेमणुकीचे सगळे नियम लागू होतात.

२. तारखा उलट्या मोजा

एमडीची नेमणूक एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि मुदत संपायला वर्षाहून जास्त काळ बाकी असताना फेरनेमणूक करता येत नाही. वयाची सत्तरी ओलांडली तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. खासगी बँकांना तर रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते आणि सत्तरीनंतर पद मिळतच नाही. २०२१ पासून बँकेचा एमडी-सीईओ १५ वर्षांहून जास्त राहू शकत नाही. तो प्रवर्तक, म्हणजे बँक उभी करणाऱ्या मालकांपैकी असेल तर १२ वर्षं, फार तर रिझर्व्ह बँकेच्या मर्जीनं १५.

म्हणजे जागा कधी रिकामी होणार हे बहुतेक वेळा पाच वर्षं आधीच माहीत असतं. तरीही धावपळ होते.

एचडीएफसी बँकेचं उदाहरण घ्या. आदित्य पुरी १९९४ पासून, म्हणजे बँकेच्या स्थापनेपासून प्रमुख होते आणि ऑक्टोबर २०२० मध्ये सत्तर वर्षांचे होणार होते. बोर्डानं नोव्हेंबर २०१९ मध्ये शोध समिती नेमली. बाहेरची सर्च फर्म, म्हणजे वरिष्ठ पदांसाठी माणसं शोधून देणारी संस्था, मदतीला होती. पुरी स्वतः समितीचे सदस्य नव्हते, सल्लागार होते. शेवटी बँकेतले दोघे आणि सिटीबँकेतला एक अशी तीन नावं उरली. ऑगस्ट २०२० मध्ये शशिधर जगदीशन यांच्या नावाला मंजुरी मिळाली आणि २७ ऑक्टोबरला ते रुजू झाले. बाहेरून हे सगळं बिनबोभाट झाल्यासारखं दिसलं, पण समिती नेमल्यापासून रुजू होईपर्यंत जवळजवळ वर्ष गेलं. त्याच्या उलट अॅक्सिस बँकेत २०१७ मध्ये बोर्डानं शिखा शर्मांना आणखी तीन वर्षं देऊ केली, रिझर्व्ह बँकेनं फेरविचार करायला सांगितलं आणि ती मुदत डिसेंबर २०१८ पर्यंतच राहिली. मग शोध घाईनं सुरू करावा लागला.

मी तरी मुदत संपायच्या दोन वर्षं आधी हा विषय अजेंड्यावर आणा असंच सांगेन. त्यातलं पहिलं वर्ष घरातल्यांना पारखण्यात जातं.

३. समितीत कोण बसणार?

कायद्यानं हे काम नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटीचं, म्हणजे एनआरसीचं. तीत तीन किंवा जास्त संचालक असतात आणि ते सगळे अकार्यकारी, म्हणजे कंपनीचा रोजचा कारभार न बघणारे. लिस्टेड कंपनीत त्यातले किमान दोन-तृतीयांश आणि समितीचा अध्यक्ष स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीत हितसंबंध नसलेला, असावा लागतो. म्हणजे चालू एमडी या समितीवर बसूच शकत नाही. तरी एनआरसीच्या खोलीत त्यांची खुर्ची हमखास मांडलेली असते, ‘निमंत्रित’ म्हणून. ती काढायला सांगा. त्यांचं मत जरूर घ्या, एकदाच, निवांत, दोन तास बसून, आणि शक्य तर लेखी. त्यानंतर चर्चा त्यांच्याशिवाय.

समितीतल्या कुणाला स्वतःलाच या पदात रस असेल तर त्यानं पहिल्याच दिवशी बाहेर पडायचं. टाटा सन्सनं २०१० मध्ये रतन टाटांचा वारसदार शोधायला पाच जणांची समिती नेमली, त्यात सायरस मिस्त्री होते. पुढे तेच उमेदवार झाले म्हणून समितीतून बाजूला झाले, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांचंच नाव जाहीर झालं. ऑक्टोबर २०१६ मध्ये बोर्डानं त्यांना हटवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २०२१ मध्ये तो निर्णय कायम राहिला. वादाची कारणं वेगळी होती, पण ज्याच्यासोबत बसून दुसऱ्या उमेदवारांची छाननी केली त्यालाच पुढे तटस्थपणे तपासायचं, हे कुठल्याही समितीला जड जातं.

प्रवर्तक कुटुंबाची कंपनी असेल तर कुटुंबाशी बोलणं सुरुवातीलाच करा. बोर्डावरच्या नेमणुकीला तीन महिन्यांत किंवा पुढच्या सर्वसाधारण सभेत, जे आधी येईल तेव्हा, भागधारकांची मंजुरी लागते आणि तिथे प्रवर्तकांच्या मतांचं वजन असतं. शेवटच्या आठवड्यात ‘काकांना हे नाव पसंत नाही’ असं कळण्यापेक्षा आधी विचारलेलं परवडतं.

४. आधी काम लिहा, मग माणूस शोधा

हा टप्पा बहुतेक बोर्डं उरकून टाकतात. सर्च फर्मनं पाठवलेला मसुदा येतो, त्यात ‘दूरदृष्टी’, ‘नेतृत्वगुण’, ‘सचोटी’ असतं, आणि सगळे सह्या करतात. या शब्दांवर सरळ काट मारा. बिनदूरदृष्टीचा माणूस पाहिजे असं कोण म्हणेल?

चाकणची एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा. पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग बनवते, दोन मोठे वाहन उत्पादक ग्राहक, निम्म्याहून जास्त विक्री त्यांच्याकडे. विजेच्या गाडीत हे भाग लागतच नाहीत. आता पुढच्या पाच वर्षांत या कंपनीला काय करायचंय? तिसरा-चौथा ग्राहक मिळवायचा, शक्यतो परदेशात. नव्या प्रकारच्या भागांसाठी कारखाना उभारायचा किंवा विकत घ्यायचा. जुन्या लाइनवरच्या कामगारांचं काय करायचं ते युनियनशी बसून ठरवायचं. आणि हे सगळं होईपर्यंत जुन्या धंद्यातून रोख पैसा येत राहील हे बघायचं.

एवढं लिहिलं की निकष आपोआप पडतात. युनियनशी मोठा करार स्वतः केलाय का? कारखाना विकत घेऊन चालवून दाखवलाय का? मोठा ग्राहक तुटल्यावर काय केलं? प्रत्येक निकषापुढे ‘हे कशावरून कळेल’ असा रकाना ठेवा. चार-पाच निकष पुरेत. दहा झाले की प्रत्येक उमेदवार कुठे ना कुठे पास होतो आणि शेवटी आवडीनिवडीवरच निकाल लागतो.

हा कागद नावं समोर येण्याआधी मंजूर करून घ्या. नाव आलं की निकष त्या नावाकडे झुकायला लागतात.

५. घरातले आणि बाहेरचे एकाच फुटपट्टीनं मोजा

घरातल्या उमेदवारांना वर्ष-दोन वर्षं आधी नफा-तोट्याची स्वतंत्र जबाबदारी द्या. बोर्डापुढे त्यांना एमडीशिवाय बोलायला लावा. साहेब शेजारी असताना उत्तम बोलणारा माणूस एकटा असताना कसा बोलतो, ते दहा मिनिटांत कळतं. सर्च फर्म नेमलीत तर तिच्याकडून घरातल्यांचीही तितकीच कसून पारख करून घ्या. तिची फी बहुधा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक-तृतीयांशाच्या आसपास असते, आणि बाहेरचा माणूस आणण्यात तिचा रस असणार हे गृहीत धरा. मानसशास्त्रीय चाचण्याही ती सुचवेल. घ्या हवं तर, पण वेळ खर्च करा तो चौकशीवर. उमेदवारानं दिलेल्या संदर्भांपेक्षा पाच-सात वर्षांपूर्वी त्याच्या हाताखाली काम केलेले लोक जास्त सांगतात.

चुरस उघड करायची की नाही, यावर मतभेद आहेत. जनरल इलेक्ट्रिकमध्ये २००० साली जॅक वेल्च यांच्या जागेसाठी तिघांची शर्यत सगळ्या जगाला ठाऊक होती. जेफ इमेल्ट निवडले गेले आणि उरलेले दोघे काही दिवसांतच दुसऱ्या मोठ्या कंपन्यांचे प्रमुख झाले: जिम मॅकनर्नी थ्रीएमचे, बॉब नार्डेली होम डेपोचे. ते जातील हे धरूनच तिघांच्या जागी माणसं आधी तयार ठेवली होती. मॉर्गन स्टॅनलीनं २०२३ मध्ये वेगळं केलं. टेड पिक यांची निवड झाली तेव्हा हुकलेल्या दोघांना सहअध्यक्ष केलं आणि तिघांनाही प्रत्येकी २ कोटी डॉलरचा खास मोबदला दिला. ते दोघे थांबले. तुमच्या कंपनीला एवढा खर्च पेलेलच असं नाही, पण हुकलेल्याशी कोण, कधी आणि काय बोलणार हे घोषणेच्या आधी ठरलेलं असू द्या.

६. गुप्तता आणि घोषणा

एमडी बदलाची बातमी शेअरचा भाव हलवते. ज्याला-ज्याला ती सांगितली त्याचं नाव, पॅन आणि सांगितल्याची वेळ इनसायडर ट्रेडिंगच्या (आतल्या माहितीवर शेअर घेण्या-विकण्याच्या) नियमांप्रमाणे कंपनीच्या डिजिटल नोंदवहीत जायला हवी. सर्च फर्म, वकील, जनसंपर्क एजन्सी, सगळे त्यात आले. बोर्डाची बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत शेअर बाजारांना कळवायचं असतं. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर तीन तास मिळतात. म्हणून बैठक दुपारी साडेतीननंतर ठेवा.

माणूस दुसऱ्या कंपनीतून किंवा ग्रुपमधूनच उचलला असेल तर तिथली जागाही त्याच दिवशी भरलेली दिसली पाहिजे. १२ जानेवारी २०१७ रोजी टीसीएसचे तेव्हाचे प्रमुख एन. चंद्रशेखरन यांचं नाव टाटा सन्सच्या अध्यक्षपदासाठी जाहीर झालं, आणि टीसीएसनं त्याच दिवशी सीएफओ राजेश गोपीनाथन यांना सीईओ म्हणून जाहीर केलं.

७. चाव्या दिल्यावर

डिस्नेत बॉब आयगर फेब्रुवारी २०२० मध्ये सीईओपदावरून उतरले, पण कार्यकारी अध्यक्ष म्हणून २०२१ संपेपर्यंत राहिले. नवे सीईओ बॉब चापेक यांचा करार बोर्डानं जून २०२२ मध्ये तीन वर्षांनी वाढवला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना काढून पुन्हा आयगरनाच बोलावलं. पाच महिन्यांत बोर्डाचं मत एवढं फिरतं, याचा अर्थ करार वाढवताना मोजमाप झालंच नव्हतं असं मला वाटतं.

स्टारबक्सची गोष्ट आपल्याला जवळची, कारण लक्ष्मण नरसिंहन पुण्याचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. हस्तांतर नमुनेदार होतं: ऑक्टोबर २०२२ मध्ये ते कंपनीत आले, मावळते प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांच्यासोबत काही महिने काढले, दुकानांत अॅप्रन बांधून कॉफी करायला शिकले आणि मार्च २०२३ मध्ये सूत्रं घेतली. पुढच्या वर्षी विक्री घसरली. मे २०२४ मध्ये शुल्ट्झ यांनी, ते बोर्डावर नसताना, कंपनीनं काय सुधारावं ते जाहीरपणे लिहिलं. ऑगस्टमध्ये बोर्डानं नरसिंहन यांना हटवून चिपोटले या रेस्टॉरंट साखळीचे प्रमुख ब्रायन निकोल आणले. त्या दिवशी शेअर सुमारे २४ टक्के वर गेला.

म्हणून मावळत्या प्रमुखांना सल्लागार ठेवायचंच असेल तर मुदत सहा महिने लिहा, केबिन दुसऱ्या मजल्यावर द्या आणि जाहीर बोलण्याबद्दलचं कलम करारात घाला. नव्या माणसाची पहिल्या १८ महिन्यांची उद्दिष्टं आकड्यांसकट एका पानावर काढा. दर तिमाहीला एनआरसीचे अध्यक्ष आणि नवे सीईओ दोघांनी ते पान समोर ठेवून बसायचं. एक प्रत त्यांच्याकडे, एक कंपनी सेक्रेटरीकडे. मावळत्या साहेबांना तिसरी प्रत पाठवायची गरज नाही.