नागपूरहून न्हावा-शेवाला कंटेनर रेल्वेनं पाठवताय? या चुका टाळा

भंडाऱ्याच्या एका गिरणीवाल्यांचे उकड्या तांदळाचे चार कंटेनर गुरुवारी दुपारी नागपुरात यार्डात गेले. जहाजाचा कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, मंगळवारी संध्याकाळचा. ते म्हणाले, ‘‘भाऊ, पाच दिवस आहेत हातात, गाडी तर दोन-अडीच दिवसांत पोचते.’’ मीही मान डोलावली. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, सुटली रविवारी रात्री, बंदरात लागली बुधवारी पहाटे. जहाज चुकलं, बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं गेलं आणि वरून बंदरातलं भाडं.

सगळ्यांनी शिव्या दिल्या रेल्वेला. पण पावत्या समोर मांडून बघितलं तर गाडी ठरलेल्या वेळेतच धावली होती. तीन दिवसांहून जास्त वेळ डबे, म्हणजे कंटेनर, नागपुरातच उभे होते.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: गाडी किती वेळात पोचते ते विचारायचं आणि ती सुटते कधी ते विचारायचंच नाही. कंटेनरची रेक म्हणजे साधारण ४५ सपाट वॅगन. एका वॅगनवर वीस फुटी दोन, म्हणजे नव्वद डबे. अर्धी रेक रिकामी पळवणं कुणालाच परवडत नाही, त्यामुळे डबे जमेपर्यंत ती थांबते. ‘‘पुढची रेक कधी?’’ असं विचारलंत तर ‘‘उद्या-परवा’’ हेच उत्तर मिळेल, वर्षाचे बाराही महिने. त्यापेक्षा दोन गोष्टी विचारा. गेल्या चार आठवड्यांत रेक कोणत्या वारी सुटल्या? आणि माझ्या टर्मिनलचे किती डबे आज यार्डात उभे आहेत? दुसऱ्या प्रश्नावर समोरचा जरा चाचरला, की कट-ऑफच्या आधी आणखी दोन दिवस धरा.

‘माझ्या टर्मिनलचे’ हा शब्द मुद्दाम वापरलाय. न्हावा-शेवा हे एक बंदर असलं तरी आत टर्मिनल पाच, आणि जहाज लागतं त्यातल्या एकावर. एकाच टर्मिनलचे डबे असलेली रेक सरळ तिथे जाऊन रिकामी होते. वेगवेगळ्या टर्मिनलचे डबे एका गाडीत आले की तिला ‘मिक्स ट्रेन’ म्हणतात. मग डबे इकडून तिकडे हलवण्यात वेळ जातो. लाइननं, म्हणजे जहाज कंपनीनं, ऐनवेळी जहाजाचं टर्मिनल बदललं तर आणखीच गोंधळ. सीएचएनं (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटनं) सांगितलं होतं म्हणून गप्प बसू नका. रेकवर डबा चढण्याआधी लाइनकडून टर्मिनलचं नाव लेखी मागवा, आणि फॉर्म थर्टीनवर (डबा बंदरात आत घेण्याचा कागद) तेच नाव आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

रिकामा कंटेनर न बघता घेणं ही जुनी खोड. आत शिरा, दोन्ही दारं लावून घ्यायला सांगा आणि दोन मिनिटं अंधारात उभे राहा. छताला सुईएवढा जरी उजेड दिसला तरी तो डबा परत करा. जुलैत इगतपुरी उतरताना त्या सुईएवढ्या भोकातून किती पाणी येतं, हे वरची पोती फोडल्यावर कळतं. फळीवर हात फिरवा. ओलसर लागली किंवा रसायनाचा वास आला तरी नकोच. आमच्याकडे आयात कमी, निर्यात जास्त; त्यामुळे रिकाम्या डब्यांची ओढाताण असते आणि ‘मिळतोय तो घ्या’ असा आग्रह होतो. घेऊ नका.

भरतानाही रस्त्याची सवय आड येते. ट्रेलरवर चालून जाणारं पॅकिंग शंटिंगच्या धक्क्यात टिकेलच असं नाही. तो धक्का लांबीच्या दिशेनं बसतो, म्हणून दाराकडची मोकळी जागा लाकडानं किंवा हवेच्या पिशव्यांनी भरून टाका. वजन दोन्ही टोकांना सारखं ठेवा.

वजनाच्या आकड्याशी खेळूच नका. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या डब्याचं तपासलेलं एकूण वजन, दिल्याशिवाय डबा जहाजावर चढत नाही, आणि रेल्वेचं भाडंही वजनाच्या टप्प्यानुसार लागतं. कागदावर एक, काट्यावर दुसरं निघालं तर दंड आहेच, शिवाय डबा बाजूला पडतो.

आयातवाल्यांसाठी एकच गोष्ट. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीवर, शेवटचं ठिकाण नागपूर आयसीडी (कस्टमची सोय असलेला इथला कंटेनर डेपो) असं छापून घ्या. फक्त न्हावा-शेवा लिहिलं असेल तर माल बंदरातच अडकतो. कागद दुरुस्त करण्यात दिवस जातात आणि डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या भाड्याचं, मीटर चालूच राहतं.

हल्ली एक नवीन गैरसमज ऐकू येतो: ‘‘फ्रेट कॉरिडॉर झाला, आता एकावर एक डबे ठेवून गाड्या पळणार, आपलाही माल झटक्यात जाईल.’’ नकाशा बघा. १,५०६ किलोमीटरचा पश्चिम कॉरिडॉर दादरीहून राजस्थान, गुजरातमार्गे न्हावा-शेवाकडे येतो. नागपूरचा माल भुसावळ, मनमाड, इगतपुरी, कसारा, कल्याण, पनवेल असाच उतरतो. थळ घाटात १ : ३७ चा चढ, जुने बोगदे, वरची तार. तिथून दुमजली गाडी जात नाही. घाट उतरलात की पुढे लोकलची हद्द. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी मालगाडीला बाजूला उभं राहावं लागतं. पावसाळ्यात दरड कोसळली की सगळंच ठप्प. जून ते सप्टेंबर मी हिशेबात एक दिवस जादा धरतो. गिऱ्हाईक कुरकुरतं.

तरीही जड माल, लांब पल्ला आणि नियमित खेप असेल तर रेल्वेच बरी पडते. मात्र ट्रेलरचा पर्याय हाताशी ठेवायचा असेल तर त्याचा निर्णय उशिरा घेऊ नका. डबा कस्टमच्या ताब्यात यार्डात गेला की रस्त्यानं बाहेर काढायला कस्टम आणि यार्ड, दोघांच्याही परवानग्या लागतात, आणि त्या काही तासाभरात मिळत नाहीत. भंडाऱ्याचे ते गिरणीवाले आता सोमवारीच डबे आत टाकतात. बुधवारी दुपारी मला फोन करून एवढंच विचारतात, ‘‘भाऊ, आपल्या टर्मिनलचे किती झाले?’’ साठच्या आत आकडा असला की त्याच दिवशी परवानगीचा अर्ज जातो.