ईआरपी बसवताय? आधी स्टोअर लावून घ्या

छोट्या मशीन शॉपमध्ये ईआरपी (खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) आलं की सगळ्यांना पहिली घाई असते ती इन्व्हॉइस काढायची. ती जरा थांबवा. खरेदी, उत्पादन, विक्री, हिशेब हे सगळं ज्या आकड्यावर चालतं, तो स्टॉकचा आकडा आधी खरा हवा.

सुरुवात आयटम मास्टरपासून, म्हणजे मालाच्या कोडच्या यादीपासून. एका मालाला एकच कोड. ‘राउंड बार ४०’ आणि ‘४० एमएम बार’ असे दोन कोड पडले, की एकात माल पडून असताना दुसऱ्याची पीओ (खरेदीची ऑर्डर) निघते. नवा कोड उघडायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा.

मग बीओएम, म्हणजे एका नगाला कुठला माल किती लागतो त्याची यादी. खरी गोची इथेच होते. बार येतो किलोवर, कापला जातो मिलिमीटरमध्ये. ४० मिमी व्यासाच्या पोलादी बारचं वजन व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला ९.८८ किलो. १०० मिमीच्या नगाला ड्रॉइंग बघून ०.९८८ किलो टाकलं आणि कटिंग-फेसिंगमध्ये (कापण्यात आणि टोक सपाट करण्यात) जाणारे ३ मिमी विसरलं, तर हजार नगांमागे जवळपास ३० किलो माल सिस्टीममध्ये शिल्लक दिसतो, रॅकवर नसतो. शेवटचे तुकडे आणि रिजेक्शन वेगळेच. त्यामुळे बीओएम ऑफिसात बसून भरू नका, सॉ मशीनपाशी उभं राहून भरा.

ओपनिंग स्टॉक (सुरुवातीची शिल्लक) जुन्या एक्सेलमधून उचलू नका. ३१ मार्चला शिफ्ट संपल्यावर माल प्रत्यक्ष मोजा आणि मोजणी संपेपर्यंत गेट बंद ठेवा.

रोजच्या कामात बिल पास करताना पीओ, जीआरएन (प्रत्यक्ष आलेल्या मालाची नोंद) आणि बिल तिन्ही जुळले पाहिजेत. बिल १,००० नगांचं, जीआरएन ९८० चा, तर २० नगांची डेबिट नोट (पुरवठादाराच्या बिलातून तेवढी रक्कम वजा करायची नोंद) तिथल्या तिथे. जीआरएन गाडी रिकामी होतानाच करा. संध्याकाळी आठवून केलेला जीआरएन म्हणजे मालासोबत आलेल्या डिलिव्हरी चलनाची नक्कल.

प्लेटिंग किंवा हीट ट्रीटमेंटला गेलेल्या मालासाठी प्रत्येक जॉबवर्करच्या (असं काम बाहेर करून देणाऱ्याच्या) नावाने सिस्टीममध्ये वेगळं वेअरहाऊस उघडा. जीएसटी कायद्याप्रमाणे असा कच्चा माल वर्षभरात परत यावा लागतो किंवा तिथूनच विकला जावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर आणि व्याज लागतं. माल पाठवल्याच्या चलनाच्या तारखेपासून ३०० दिवसांनी अलर्ट लावा.

आणि ‘निगेटिव्ह स्टॉक चालेल’ ही, शिल्लक नसतानाही माल काढू देणारी सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा. डिस्पॅचवाले आरडाओरडा करतील. करू द्या, अडकलेली प्रत्येक एंट्री कुठला जीआरएन राहिलाय ते दाखवते.