जर्मनीत पोचलात की आधी लेटरबॉक्सवर नाव लावा

दरवर्षी जून-जुलै आला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी कुणाचं ना कुणाचं पोरगं आईवडलांना घेऊन येतं, ताई जर्मनीचं ॲडमिशन झालंय, काय काय न्यायचं तेवढं सांगा. आई लगेच वही उघडते आणि पहिला प्रश्न ठरलेला, कुकर किती लिटरचा न्यायचा. कुकरचं सांगते पुढं. पण त्याआधी जे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि ज्याच्यापायी माझे पहिले तीन आठवडे लई वाईट गेले ते सांगते, कारण बॅग सगळेच नीट भरतात, अडतं ते तिथं पोचल्यावर.

तिथं पत्ता म्हणजे रस्ता, घर नंबर आणि तुमचं नाव, बस. फ्लॅट नंबर बहुतेक ठिकाणी नसतोच. खाली दारापाशी लोखंडी पेट्यांची रांग असते, प्रत्येकीवर आडनावाची चिठ्ठी, पोस्टमन ती बघून पाकीट टाकतो आणि नाव दिसलं नाही तर पाकीट परत जातं. आपल्याकडं मंगळवार पेठ, अमक्या तालमीच्या मागं एवढं लिहिलं तरी पोस्टमन विचारत विचारत दारात येतो, तिथं कोण कुणाला विचारत नाही. मी जर्मनीतल्या आखेनला एका मुलीची खोली घेतली होती, ती गेली पण पेटीवर तिचंच नाव राहिलं आणि माझं काही तिकडं लक्षच गेलं नाही. बँकेचं कार्ड निघालं ते परत गेलं, पिन वेगळ्या पाकिटात येतो तोही परत, विम्याचं कार्डही परत. मी रोज ॲप उघडून बघत बसायची, बाबांना फोनवर सांगायची की इथं सगळं हळू चालतंय, आणि घरून आणलेली कॅश मात्र संपत चाललेली. शेवटी शेजारच्या खोलीतल्या तुर्की मुलीनं हात धरून मला खाली नेलं आणि पेटीकडं बोट केलं. वहीचं पान फाडलं, स्केचपेननं नाव लिहिलं, वर सेलोटेप मारली. चौथ्या दिवशी पहिलं पाकीट आलं.

म्हणून खोलीत बॅग टेकवली की पहिलं काम हे. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आपल्या पासपोर्टात बऱ्याचदा वडलांचं नाव पोरीच्या किंवा पोराच्या नावाला जोडलेलं असतं आणि पत्रंही तशीच येतात, त्यामुळं निदान आडनाव तरी मोठ्या अक्षरात स्पष्ट दिसलं पाहिजे. बेलवरही लावा, पार्सलवाला तीच बघतो. चार जणांचा शेअरिंगचा फ्लॅट, त्याला तिथं वेगे म्हणतात, त्यात चौघांची नावं एकाच पेटीवर चालतात.

दुसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे मी या पत्त्यावर राहायला आलोय अशी सरकारी नोंद. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते, शहराच्या ऑफिसात, ब्युर्गरआम्ट म्हणतात त्याला. पासपोर्ट लागतो, फॉर्म लागतो आणि घरमालकाची सही असलेला एक कागद लागतो की हा माणूस माझ्याकडं राहतो, ह्या कागदाशिवाय पुढचं काहीच होत नाही, म्हणून खोली ठरवतानाच विचारून घ्या की हा कागद देणार का. जो देणार नाही म्हणतो ती खोली कितीही स्वस्त असूदे, सोडा. ऑफिसात असंच जाऊन उभं राहून चालत नाही, टर्मिन म्हणजे अपॉइंटमेंट लागते आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, तर पत्ता ठरला असेल तर कोल्हापुरात बसूनच बुक करून टाका. नसेल मिळत तर सकाळी सकाळी साइट बघत राहा, कुणी रद्द केलेली वेळ मधेच दिसते. आणि टर्मिन दहाची असेल तर दहाला पाच कमी असताना दारात.

एकदा ही नोंद झाली की पत्रं यायला सुरू होतात. ११ आकडी टॅक्स नंबर येतो, तो जपून ठेवा, पार्टटाइम जॉब लागला की पहिल्यांदा तोच मागतात. रेडिओ-टीव्हीच्या फीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही नसला तरी भरावी लागते पण ती माणशी नसते, घरटी असते, म्हणून वेगेत राहत असाल तर आधी विचारा कोण भरतंय, त्याचा फी-खात्याचा नंबर कळवला की तुमचं मिटलं. मला ती जाहिरात वाटली आणि मी ते पाकीट बाजूला ठेवून दिलं, दोन महिन्यांनी दंडाची रक्कम लावून दुसरं आलं. तेव्हापासून मी एक नियम केला आणि तो सगळ्यांना सांगते, आलेलं पाकीट त्याच दिवशी फोडायचं, मोबाइलवर फोटो काढून भाषांतर करून वाचायचं, त्यात फ्रिस्ट हा शब्द शोधायचा, फ्रिस्ट म्हणजे मुदत, ती तारीख कॅलेंडरवर टाकायची आणि कागद फाइलला लावायचा. समजलं नाही तर युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसात कागद घेऊन जा, विचारायला लाजू नका. आपल्याकडं कुणाची तरी ओळख काढून काम होतं ही सवय डोक्यात असते, तिथं कागदाला कागदानंच उत्तर द्यायचं. नाही जमत असेल तर मुदतीच्या आत तसं लिहून कळवा, मुदत वाढवून मिळू शकते, गप्प बसलात तर काहीच नाही मिळत.

आणि एक, जो व्हिसा इथून घेऊन जाता तो बहुतेकांचा काही महिन्यांचाच असतो. त्यावरची तारीख बघा आणि रेसिडन्स परमिटचा अर्ज ती संपायच्या खूप आधी टाका, अर्ज केल्याचा पुरावा ईमेलमधे जपा.

आता इथून निघायच्या आधीचं. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस सर्टिफिकेट लागतं, तुमच्या डिग्र्या खऱ्या आहेत याची ती तपासणी, त्याला वेळ लागतो म्हणून शिवाजी विद्यापीठाच्या मार्कलिस्टा आणि ट्रान्सक्रिप्ट शेवटच्या सेमिस्टरलाच गोळा करायला लागा. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ मिळतात. हे पैसे तिथल्या चालू खात्यातच जमा होतात, आणि ते खातं सुरू व्हायला वेळ जातो, म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचं भाडं, डिपॉझिट आणि खाणं वेगळं धरा. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्ट भाड्याएवढं घेता येतं. काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे हीटिंग वगैरे धरून, जाहिरातीत कुठला आकडा लिहिलाय ते नीट बघा. आणि मी सध्या परदेशात आहे, पैसे टाका, किल्ली पोस्टानं पाठवतो असं म्हणणारा प्रत्येक माणूस फसवणारा असतो, आपल्या ओळखीतल्या एका पोराचे पैसे असेच गेले, वडलांनी फौंड्रीत ओव्हरटाइम करून साठवलेले होते ते. ॲडमिशनचं पत्र आल्या दिवशी स्टुडंट वोनहाइमचा, म्हणजे होस्टेलचा अर्ज टाका, वेटिंग मोठं असतं पण स्वस्त आणि सुरक्षित तेच.

कुकर. तीन लिटर, इंडक्शन बेस असलेला, स्टीलचा. तिथं काही घरात इंडक्शन शेगडी असते, तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही. जास्तीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्या, वजन काही नाही पण तिथं शोधायला गेलं तर मिळत नाही. करंट तिथंही २३० व्होल्टच आहे म्हणून छोटा मिक्सर चालतो, फक्त प्लगला ॲडाप्टर लागतो. चटणी मात्र भरपूर न्या, डंकावर कुटून आणलेली, दोन पिशव्यांत सीलबंद, चेक-इनच्या बॅगेत. चटणी असली की कशालाही चव येते, नुसत्या अंड्याला आणि बटाट्यालासुद्धा. पेढे, खवा, तूप, सुकं मटण नेऊ नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून टाकतात आणि आईनं रात्र जागून केलेलं डोळ्यांदेखत कचऱ्यात जातं. ताजा कढीपत्ताही नाही, वाळवून न्यायचा विचारही सोडा, एशियन दुकानात मिळतो.

कोथिंबीर, हिरवी मिरची आणि हाडासकट मटण तुर्की दुकानात. चपातीला सुपरमार्केटमधलं ४०५ नंबरचं पीठ घेऊ नका, तो मैदाच असतो, भारतीय आटा एशियन दुकानातून आणा. आणि क्वार्क नावाचं जे डब्यात मिळतं ना, ते फडक्यात बांधून रात्रभर टांगून ठेवा, सकाळी चक्का तयार, पाडव्याला आम्ही अकरा जणांनी त्याचं श्रीखंड केलं होतं, वेलदोडा आणि जायफळ घरचं. नळाचं पाणी पितात, विकत घेऊ नका. कोल्ड्रिंकची बाटली किंवा कॅन घेतला तर त्यात बहुतेक वेळा २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनला परत केलं की मिळतं. रविवारी दुकानं बंद, म्हणजे खरंच बंद, पहिल्याच शनिवारी रात्री पोचलात तर बॅगेत दोन वेळचं खाणं असूदे. फोडणी करताना खिडकी उघडा, खोलीत स्मोक डिटेक्टर असतो. खिडकी तशीही रोज उघडायचीच, थंडी कितीही असो, सकाळ-संध्याकाळ पाच-दहा मिनिटं सताड, नाहीतर पावसाळ्यात आपल्या भिंतींना येते तशी बुरशी येते आणि ती डिपॉझिटमधून कापून घेतात.

अभ्यासाचं थोडक्यात पण नीट वाचा. मार्क उलटे आहेत, १.० सगळ्यात भारी, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० नापास. परीक्षेसाठी वेगळं रजिस्ट्रेशन असतं, वर्गात रोज बसलात आणि मुदतीत नाव नोंदवलं नाही तर पेपर देता येत नाही. एका विषयाला बहुतेक ठिकाणी तीनच प्रयत्न, तिन्ही गेले की त्या कोर्समधून बाहेर, आपल्या एटीकेटीसारखं पुढं ढकलत न्यायला जमत नाही. म्हणून पहिल्या सेमिस्टरला ३० क्रेडिट झेपत नसतील तर दोन विषय कमी घ्या पण घेतलेले पास व्हा. जॉबचंही तसंच, वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर जाऊ नका. गोदामात रात्रपाळी करून पैसे मिळतात पण सकाळचं लेक्चर जातं. प्रोफेसरांकडं लॅबमधलं काम मिळतं, हीवी म्हणतात त्याला, पैसे थोडे कमी पण शिकायला मिळतं आणि शिफारसपत्रही.

डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. याचा त्रास होतो, खरंच होतो, आणि तो तुमचा कमकुवतपणा नाही. दिवसा उजेड आहे तोवर रोज बाहेर पडा, मेन्सात म्हणजे कँटीनमधे एकटं खाऊ नका, कुणाच्या तरी टेबलावर जाऊन बसा. घरच्या फोनची वेळ ठरवा, उन्हाळ्यात आपल्या घड्याळात साडेतीन तास फरक असतो आणि हिवाळ्यात साडेचार, माझी आई रात्री नऊला जेवणं आवरून फोन करायची, पहिलं वाक्य जेवलीस काय, आणि तो एक फोन ठरलेला असल्यामुळं मी कितीतरी संध्याकाळी तगले. लई जड जायला लागलं तर युनिव्हर्सिटीत समुपदेशक असतात, जा. इमर्जन्सीला ११२ सगळ्या युरोपियन युनियनमधे चालतो, आणि दवाखाने बंद असताना तेवढं गंभीर नसेल तर जर्मनीत ११६११७.

रेसिडन्स परमिट आलं की बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत, १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, पासपोर्ट मात्र बरोबर हवा. इटलीत फ्लोरेन्सला गेलात तर म्यूझियम बघून झाल्यावर शहराच्या कडेला कास्चिने बागेत आर्नो नदीच्या काठानं टोकापर्यंत चालत जा. तिथं आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) आहेत. इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लोरेन्समधे गेले, वय वीस, दोन नद्यांच्या संगमावर त्यांचा अंत्यविधी झाला आणि तिथंच छत्रीखाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा आहे. ती छत्री मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदाची, ज्यानं कोल्हापूरच्या आपल्या न्यू पॅलेसचा आराखडा केला तोच. शेजारच्या मोठ्या पुलालाही तिथले लोक इंडियनचा पूल म्हणतात. मी तिथं गेले तेव्हा पाऊस पडत होता, एक माणूस कुत्रं फिरवत होता, बाकी कुणी नाही. मी तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला, ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

खोली सोडताना रिकाम्या खोलीचे, भिंतींचे, ओव्हनच्या आतलेसुद्धा फोटो काढा आणि किल्ली देताना मालकाची सही घ्या. देश सोडत असाल तर पत्त्याची नोंद रद्द करावी लागते, तिला आबमेल्डुंग म्हणतात. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका, डिपॉझिट परत यायला काही महिने जातात, माझं मी कोल्हापुरात आल्यावर आलं. आणि पेटीवरचं नाव काढून पुढच्याचं लावून जा, माझ्या खोलीत इचलकरंजीची मुलगी येणार होती, तिचं आडनाव मी आदल्या रात्रीच लिहून चिकटवलं होतं.