झिंक ऑक्साइडच्या नॅनोवायर: ओव्हनला दोष देण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये एमएस्सीच्या प्रोजेक्टला नॅनोवायर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारा, करायच्या ठरल्या की गाडी बहुतेक वेळा झिंक ऑक्साइडवर येऊन थांबते. व्हॅक्यूम लागत नाही, महागडी भट्टी लागत नाही. झाकणाची काचेची बाटली, ९० अंशांचा ओव्हन, झिंक नायट्रेट आणि हेक्झामाइन, बस्स. पद्धत सोपी म्हणूनच हयगय होते, आणि ती कळते पुण्याहून एसईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) फोटो आल्यावर.

सगळ्यात मोठा घोळ होतो काचपट्टी ठेवण्यात. सीड लेयरची, म्हणजे वायरी जिथून उगवतात त्या बीजांच्या थराची, बाजू वर करून पट्टी तळाशी आडवी टाकली जाते. द्रावण तापलं की झिंक ऑक्साइड दोन ठिकाणी धरतं: पट्टीवरच्या बीजांवर आणि द्रावणात अधांतरी. अधांतरी झालेले कण खाली बसतात, म्हणजे थेट तुमच्या पट्टीवर. शिवाय वायरींच्या वाट्याचं झिंकही तेच खाऊन टाकतात. बाहेर काढलेली पट्टी पांढरीशुभ्र दिसते आणि सगळे खूश! डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याच्या वॉश बॉटलने ती नीट धुऊन बघा. पांढरं वाहून गेलं तर तो गाळ होता. वायरींचा थर धुतल्यावरही टिकतो, तिरप्या उजेडात धुरकट दिसतो. तेव्हा पट्टी तिरकी टेकवा, बीजांची बाजू खाली. वायरी लांब हव्या असतील तर त्याच द्रावणात रात्रभर ठेवण्यापेक्षा काही तासांनी ताजं द्रावण घ्या.

सीड लेयर देताना इथेनॉलमधल्या ५ मिलिमोलर झिंक ॲसिटेटचे थेंब सोडतात, मग पट्टी ३५० अंशांना २० मिनिटं तापवतात. हे तापवणं टाळून नुसती पट्टी वाळवली तर ॲसिटेटचं ऑक्साइड होतच नाही. ॲसिटेट पाण्यात विरघळतं, त्यामुळे पुढच्या बाटलीत बीजंच धुऊन जातात. पट्टीवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर तेवढीच जागा टक्कल पडल्यासारखी राहते.

वजनाचंही बघा. १०० मिलीलीटर, २५ मिलिमोलर द्रावणाला झिंक नायट्रेटचं हेक्झाहायड्रेट (रेणूमागे सहा पाणी असलेलं) ०.७४ ग्रॅम आणि हेक्झामाइन ०.३५ ग्रॅम लागतं. काहीजण निर्जल नायट्रेटचं रेणुवजन धरून हिशोब करतात, तिथेच झिंक कमी पडतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली तर स्फटिक ओल धरून चिकटतात, मग तराजू झिंकऐवजी पाणी मोजतो. असा माल मुकाट बाजूला ठेवा.

बोअरचं पाणी कोणी वापरत नाही, पण ‘आरओचं आहे की’ म्हणून फिल्टरचं सर्रास वापरलं जातं. परीक्षानळीत थोडं घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. दुधट झालं तर क्लोराइड आहे, म्हणजे पाणी शुद्ध नाही; ते फिल्टरचं पाणी चहाला ठेवा.

हेक्झामाइन तापल्यावर हळूहळू फुटतं. त्यातून अमोनियाबरोबर फॉर्मल्डिहाइडही निघतं. गरम बाटली मध्येच उघडून ‘झालं का’ बघायची सवय म्हणूनच वाईट. थंड होऊ द्या, मग फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) झाकण काढा.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिक तपासण्याच्या चाचणीत) ३४.४ अंशांजवळचं ००२ या स्फटिक-प्रतलाचं शिखर उंच दिसलं की प्रबंधात ‘नॅनोवायर सिद्ध’ असं लिहून मोकळं होणं, ही चूक तर मला सर्वात जास्त खटकते. नुसत्या सीड फिल्मलाही ते शिखर येतं. ते कणांची दिशा सांगतं, आकार नाही. शिखराच्या रुंदीवरून स्फटिककणाचा आकार काढणाऱ्या शेररच्या सूत्रातून निघालेला आकडाही वायरीचा व्यास नव्हे. एसईएमला पाठवताना पट्टी मागच्या बाजूने हिरकणीने आखून तोडा आणि कडेचा छेद मागा. वरून घेतलेल्या फोटोत उंची कळत नाही.

या वायरींचा गॅस सेन्सर करणाऱ्यांनी हवेतला रोध स्थिर व्हायच्या आत इथेनॉल सोडू नये. इथेनॉलने रोध उतरतो, पण तो आधीच घसरत असेल तर घसरण कशाची हे कळणार नाही. आर्द्रतेनेही रीडिंग हलतं. मे आणि जुलैचे आलेख एकाच पानावर द्यायचे असतील तर दोन्हींखाली आर्द्रतेचा आकडा छापा.